दुधाच्या टाकीचा बोटभर बल्ब नीट बांधला आहे का?



आता बऱ्याच मोठ्या गावांत दूध थंड करण्याची स्टीलची टाकी, म्हणजे बल्क कूलर, बसलेली दिसते. काही संस्थांनी ती स्वतःच्या पैशांतून घेतली, काहींना तालुका-जिल्हा संघाने दिली, तर काहींना २०१४ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय दुग्धविकास कार्यक्रमातून मिळाली. टाकी आली त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. पण ती टाकी कशाच्या जोरावर दूध थंड करते आणि कशामुळे अचानक हात टेकते, हे मात्र सचिवापासून चेअरमनपर्यंत फारसं कुणी विचारत नाही. मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, बिल देतो, जातो. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

हा लेख त्या टाकीच्या एका अगदी लहान भागाबद्दल आहे. बोटाएवढी लांब, तांब्याची किंवा स्टीलची, दोन्ही बाजूंनी बंद असलेली एक नळकांडी. तिच्या एका टोकातून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते आणि व्हॉल्व्हच्या डोक्यात जाते. मेकॅनिक लोक तिला नुसतं 'बल्ब' म्हणतात. उजेडाच्या बल्बाशी तिचा काही संबंध नाही. गॅसच्या परतीच्या नळीवर ती बांधलेली असते. नीट बांधलेली असेल तर टाकी बिनबोभाट चालते. सैल असेल, चुकीच्या जागी असेल किंवा उघडी असेल, तर दुधाचं आणि कॉम्प्रेसरचं, दोघांचंही नुकसान ठरलेलं.

आधी दुधाचा हिशेब बघू. गाईचं दूध धारेच्या वेळी ३७ अंशांच्या आसपास असतं. त्या उबेत जंतूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते. म्हणून ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणायचं असतं. चांगली टाकी ३५ अंशांचं दूध साधारण तीन ते साडेतीन तासांत ४ अंशांवर आणते. आपल्या टाकीची नेमकी वेळ तिच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेली असते, ती एकदा वाचून ठेवावी. आता समजा संध्याकाळचं दूध आठ वाजता टाकीत पडलं आणि साडेअकराऐवजी पहाटे तीनला ४ अंशांवर आलं. सकाळी आकडा बघणाऱ्याला टाकी थंडच दिसते! पण मधल्या तासांत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. टँकरवाला नमुना घेतो, संघाच्या डेअरीत मिथिलीन ब्ल्यूची चाचणी लागते, निळा रंग लवकर उडतो आणि दर कापला जातो. फारच बिघडलं तर उकळताना दूध फाटतं आणि अख्खी टाकी परत येते. हजार लिटरची टाकी आणि लिटरला ३० रुपये धरले, तरी एका रात्रीत ३० हजार रुपये गटारात. ते पैसे सचिवाचे नसतात, दोन म्हशी असलेल्या बाईचे असतात.

एवढं झाल्यावर दोष कुणाला दिला जातो? भारनियमनाला, जनरेटरच्या डिझेलला, नाहीतर 'कुणीतरी पाणी घातलं असणार' म्हणून एखाद्या उत्पादकाला. कधी कधी ती कारणं खरीही असतात. पण वीज होती, टाकी धुतलेली होती, दूध वेळेवर आलं होतं आणि तरीही थंड व्हायला उशीर लागला, तर यंत्राकडे बघायला हवं. आणि यंत्राकडे बघताना गॅसची टाकी आणण्याआधी तो बल्ब बघायला हवा.

टेलवरचा माणूस

बल्बाचं काम समजायला यंत्रशास्त्र शिकावं लागत नाही. ज्याने कॅनॉलच्या पाण्यावर भरणं केलं आहे, त्याला ते लगेच कळेल.

पाटाच्या तोंडाशी दार असतं. दार किती उघडायचं, हे तोंडाशी उभं राहून ठरवता येत नाही. त्यासाठी शेताच्या शेवटी, टेलला, एक माणूस उभा करावा लागतो. 'शेवटची सरी अजून कोरडी आहे' अशी त्याने हाळी दिली की दार वाढवायचं. 'भिजली, आता बांधावर चढतंय' म्हणाला की दार कमी करायचं. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं पाहिजे, पण बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात जाता कामा नये.

टाकीत हेच चालतं. दार म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. पाणी म्हणजे पातळ स्वरूपातला गॅस. शेत म्हणजे टाकीच्या बुडाला जोडलेला पत्रा, ज्याच्या पोकळीत हा पातळ गॅस उकळतो आणि उकळताना दुधातली उष्णता ओढून घेतो. हा सगळा गॅस बुडाच्या शेवटापर्यंत जाता जाता उकळून संपला पाहिजे, आणि परतीच्या नळीत फक्त कोरडी वाफ गेली पाहिजे. शेजाऱ्याचं शेत म्हणजे कॉम्प्रेसर. आणि टेलवर उभा असलेला माणूस म्हणजे आपला बल्ब.

बल्बाच्या पोटात थोडा गॅस कोंडलेला असतो. परतीची नळी गरम झाली की बल्ब गरम होतो, आतला दाब वाढतो आणि तो दाब बारीक नळीतून जाऊन व्हॉल्व्हच्या पडद्याला खाली ढकलतो. दार उघडतं. नळी गार झाली की दाब कमी होतो आणि व्हॉल्व्हमधली स्प्रिंग दार मिटवते. वीज नाही, वायर नाही, सगळा कारभार दाबावर. पण त्यात एक मेख आहे. बल्बाला कळतं ते फक्त स्वतःचं तापमान. नळीचं तापमान त्याला कळायचं असेल तर तो नळीला चिकटून, नळीसारखाच गार किंवा गरम व्हायला हवा. टेलवरचा माणूस लांब झाडाखाली बसून हाळी देऊ लागला तर काय होईल, ते सांगायला नको.

बल्ब सैल असला की त्याला खोलीतली उबदार हवा लागते. मे महिन्यात त्या पत्र्याच्या खोलीत ४० अंश सहज असतात. नळी गारठलेली असली तरी बल्ब म्हणतो, 'टेल कोरडी आहे.' व्हॉल्व्ह दार उघडतच जातो. न उकळलेला पातळ गॅस परतीच्या नळीतून थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. वाफ दाबता येते, पण पातळ पदार्थ दाबून लहान होत नाही. कॉम्प्रेसरच्या आतल्या पात्या मोडतात, तेल पातळ होऊन धुतलं जातं, बेअरिंग झिजतात. हे एका दिवसात होत नाही, म्हणून तर कुणाला संशय येत नाही. हंगाम-दोन हंगामांनी कॉम्प्रेसर बसतो आणि 'व्होल्टेज कमी होतं, जळाला' असं लिहून फाईल बंद होते.

इथे एक गैरसमज सांगितलाच पाहिजे, कारण तो मी गावोगावी ऐकतो. परतीच्या नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत पांढरं बर्फ साचलेलं दिसलं की लोक खूश होतात. 'आमचं मशीन बघा कसं गार करतंय!' अहो, टाकीजवळच्या नळीवर दहिवर किंवा थोडं बर्फ असणं वेगळं, आणि कॉम्प्रेसरच्या अंगावर बर्फ चढणं वेगळं. ते बर्फ म्हणजे बांध फुटून शेजाऱ्याच्या शेतात गेलेलं पाणी आहे. असं दिसलं की त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवावं.

उलटही घडतं. ओढाताणीत बारीक नळी मुरगळली किंवा तिला चीर गेली की बल्बातला गॅस उडून जातो. मग टेलवरचा माणूस मुकाच होतो. व्हॉल्व्ह जवळजवळ मिटून बसतो, टाकीच्या बुडाला गॅस पुरत नाही, कॉम्प्रेसर रात्रभर चालतो, मीटर फिरतं आणि दूध तसंच कोमट. सक्शनचं घड्याळ खाली गेलेलं बघून मेकॅनिक म्हणतो, गॅस कमी आहे. भरतो. फरक पडत नाही. परत भरतो.

बांधायचा कसा?

आता मुद्द्याचं. खालच्या गोष्टी मेकॅनिकनेच करायच्या आहेत. पण त्या बघायला, विचारायला आणि नीट झाल्या नसतील तर बिल अडवायला सचिवाला कुठलाही परवाना लागत नाही.

बल्बाची जागा टाकीतून गॅस बाहेर येतो तिथेच, परतीच्या नळीच्या सरळ आणि आडव्या भागावर. वाकण, बाक, जोड, वेल्डिंगचा फुगवटा यांच्यावर नको. जोडावर बल्ब पूर्ण लांबीने टेकत नाही, दोन ठिपक्यांवर टेकतो, आणि मधून हवा खेळते. जागा ठरली की नळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची. रंग, काजळी, जुन्या फोमचा गोंद, काही ठेवायचं नाही. बल्बाची जी बाजू नळीवर बसण्यासाठी खोलगट केलेली असते, तीच बाजू नळीवर यायला हवी. पुष्कळदा ती उलटी दिसते.

बांधायला धातूच्या पट्ट्या लागतात. व्हॉल्व्हच्या खोक्यात दोन पट्ट्या आणि स्क्रू मिळतात. त्या दोन्ही वापराव्यात, एक अलीकडे, एक पलीकडे. माझ्या पाहण्यात बल्ब कशाकशाने बांधलेले आले म्हणून सांगू? सुतळीने, बाइंडिंग वायरने, इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपने, सायकलच्या ट्यूबच्या रबराने. अलीकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्या निघाल्या आहेत, ओढून कापल्या की झालं. दिसायला टापटीप. पण सतत गार-गरम होऊन प्लॅस्टिक ढिलं पडतं आणि तडकतं, आणि मुळातच त्याने धातूच्या पट्टीसारखा ताण येत नाही. बांधल्यावर बल्ब हाताने फिरवून बघावा. जराही फिरला तर सैल. मात्र पक्कडीने एवढाही आवळू नये की बल्बालाच खोक पडेल.

यापुढची गोष्ट चांगल्या चांगल्या मेकॅनिकांच्याही लक्षात राहत नाही. नळीच्या कुठल्या अंगाला बल्ब असावा? नळीचं तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. नळी बारीक असेल, पाच-सहा सुतांची (म्हणजे पाऊण इंचापर्यंत), तर बल्ब वरच्या अंगाला, बाराच्या किंवा एकच्या जागी बसवला तरी चालतो. नळी सात सूत किंवा त्याहून जाड असेल, तर चारच्या किंवा आठच्या जागी, म्हणजे कुशीला थोडा खाली. सहाच्या जागी, नळीच्या अगदी बुडाला, कधीच नाही. कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं आणि ते नळीच्या बुडाने वाहतं. तेलाचा तो थर मधे आला की बल्बाला गॅसची खरी खबर लागत नाही. यंत्राच्या कंपनीने पुस्तिकेत वेगळी जागा दाखवली असेल तर पुस्तिकेचं ऐकावं.

कधी कधी जागाच नसते आणि बल्ब उभ्या नळीवर बांधावा लागतो. शक्यतो टाळावं. टळत नसेल तर बारीक नळीचं शेपूट वरच्या बाजूला आलं पाहिजे. शेपूट खाली ठेवलं तर बल्बातला पातळ भाग त्यातून उतरून जातो आणि बल्ब रिकामा पडतो.

व्हॉल्व्हपासून आणखी एक बारीक नळी निघून परतीच्या नळीला जोडलेली असेल, तर तो जोड बल्बाच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर आणि नळीच्या वरच्या अंगाला असावा. आधी जोड आणि मग बल्ब, असं झालं तर व्हॉल्व्हमधून त्या नळीने झिरपलेला थेंबभर गार गॅस बल्बाला फसवतो.

शेवटी पांघरूण. बल्ब कितीही घट्ट बांधला तरी वरून उघडा असेल तर त्याचं अर्धं अंग नळीला आणि अर्धं खोलीच्या हवेला असतं. म्हणून त्याच्यावर काळ्या रबरी फोमचं आवरण हवं, ज्यात पाणी शिरत नाही असा फोम. बल्बाच्या दोन्ही टोकांपुढे चार-चार बोटं जावा इतका लांब, आणि सांधे चिकटपट्टीने बंद. गोणपाट, कापूस, स्पंज चालत नाही. त्यात दमट हवा शिरते, पाणी होतं, त्याचं बर्फ होतं आणि ते बर्फ बल्ब आणि नळी यांच्यात पाचरीसारखं बसतं. पावसाळ्यात टाकी 'उगीचच' बिघडते, त्यातल्या काही तक्रारींचं मूळ इथे असतं.

गरम नळीचा शेजारही नको. कॉम्प्रेसरमधून निघणारी तापलेली नळी बल्बाला चाटून जात असेल, तर वरचं सगळं करूनही उपयोग नाही.

दोन यंत्रांची टाकी

मोठ्या टाकीला दोन कॉम्प्रेसर, दोन व्हॉल्व्ह आणि अर्थात दोन बल्ब असतात. प्रत्येक व्हॉल्व्हचा बल्ब त्याच्याच बुडाच्या परतीच्या नळीवर पाहिजे. हे सांगायला काय पाहिजे, असं वाटेल. पण एका संस्थेत (नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत) दुरुस्तीच्या वेळी दोन्ही बल्ब सोडले गेले आणि परत बांधताना अदलाबदल झाली. दोन्ही बारीक नळ्या सारख्याच, दोन्ही बल्ब सारखेच. त्यानंतर एका बाजूचा कॉम्प्रेसर बर्फाने पांढरा व्हायचा आणि दुसऱ्या बाजूचा तापून बंद पडायचा. तापलेल्या बाजूला दोनदा गॅस भरला गेला. एका बाजूची खबर दुसऱ्या दाराला जात होती, मग गॅस भरून काय होणार? अखेर दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या एका वयस्कर मेकॅनिकने घड्याळंबिड्याळं न लावता, व्हॉल्व्हपासून बारीक नळीवर बोट फिरवत बल्बापर्यंत गेला आणि हसायला लागला. बल्ब बदलून बांधायला वीस मिनिटं लागली.

तेव्हापासून त्या संस्थेत दोन्ही बल्बांच्या नळ्यांना रंगाच्या खुणा आहेत, एकीला लाल, एकीला पिवळी. फुकटातला उपाय आहे, कुणीही करावा.

घड्याळाची आणि थर्मामीटरची परीक्षा

बल्ब नीट बांधला की नाही, ते डोळ्यांनी दिसतं. तो नीट काम करतो की नाही, हे मापानेच कळतं. माप साधं आहे. टाकी चालू असताना, दूध अर्ध्याहून गार झालं की, मेकॅनिकने सक्शनचं घड्याळ वाचायचं. गॅसच्या तक्त्यात त्या दाबाला कोणतं तापमान लिहिलं आहे ते बघायचं. मग बल्बाशेजारी नळीला थर्मामीटर चिकटवून, वरून फोम गुंडाळून, नळीचं खरं तापमान घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे बल्बाच्या कामाची पावती.

उदाहरण घेऊ. जुन्या टाकीत आर-२२ गॅस आहे आणि घड्याळ सुमारे ४७ पौंड दाखवतं. तक्त्यात त्याला उणे ५ अंश आहेत. नळीवर थर्मामीटर १ अंश दाखवतो. फरक ६ अंश. उत्तम. साधारण ५ ते ८ अंशांचा फरक असावा. फरक एक-दोन अंशच असेल तर पातळ गॅस परत येतोय. बारा-पंधरा असेल तर बुडाला गॅस पुरत नाही. आपल्या टाकीत आर-४०४ए किंवा दुसरा गॅस असेल तर दाबाचे आकडे वेगळे येतात. पाटीवरचं गॅसचं नाव वाचून त्याचाच तक्ता वापरावा.

फरक चुकला की काही मेकॅनिक लगेच व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवायला घेतात. त्यांना तिथेच थांबवा. कारखान्यात लावलेला स्क्रू आपोआप फिरत नाही, बल्बाची पट्टी मात्र आपोआप ढिली होते. आधी बल्ब काढून, घासून, परत बांधून, झाकून, पंधरा-वीस मिनिटं यंत्र चालवून पुन्हा माप घ्यायला सांगा. तरीही फरक चुकलेलाच असेल तर पुढचं बघता येईल. बल्बातला गॅस शिल्लक आहे का, हे कळायलाही युक्ती आहे. मेकॅनिक बल्ब सोडून क्षणभर मुठीत धरतो. मुठीच्या उबेने घड्याळाचा काटा वर सरकला तर बल्ब जिवंत. काटा ढिम्म हलला नाही तर बहुधा बल्ब मेलेला, किंवा व्हॉल्व्ह अडकलेला. हा प्रयोग संस्थेच्या पोरांनी करायचा नाही. तेवढ्या वेळात पातळ गॅस कॉम्प्रेसरकडे जातो, आणि शेजारी पंखा आणि वीज आहे ती वेगळीच.

आणि गॅसबद्दल एकदा स्पष्ट बोलू या. बंद नळ्यांतला गॅस डिझेलसारखा जळत नाही, वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता दर वर्षी गॅस भरणं म्हणजे फुटक्या हौदात टँकर ओतणं. ज्या बिलावर 'गॅस भरला' आहे पण 'गळती अमुक ठिकाणी सापडली, बंद केली' असं नाही, ते बिल कमिटीपुढे ठेवताना सचिवाने दोन प्रश्न जरूर विचारावेत.

आकडा दाखवणारी तार

टाकीवर लाल आकड्यांत दुधाचं तापमान दिसतं. तो आकडा दुसऱ्या एका तारेतून येतो. ही तार टाकीच्या अंगातल्या एका बारीक खोबणीत शेवटपर्यंत घातलेली असते. टाकी धुताना, ओढताना ती बाहेर सरकली की ती दुधाऐवजी हवेची खबर देते. आकडा ७ दाखवतो, दूध असतं २ वर, यंत्र चालूच राहतं आणि बुडाला दुधाचं बर्फ होतं. दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठू लागतं. बर्फ झालेलं दूध नीट ढवळलं जात नाही आणि फॅटचा नमुना चुकतो. मग उत्पादक आणि संस्था यांच्यात वाद. म्हणून तार शेवटपर्यंत गेली आहे का, तिची खोबण उष्णता वाहणाऱ्या पांढऱ्या पेस्टने भरली आहे का आणि तोंड बंद आहे का, हे बघावं. आठवड्यातून एकदा दूध ढवळून स्वच्छ थर्मामीटर बुडवून आकडा पडताळावा. त्यात एका अंशाहून जास्त फरक आला तर तारेकडे वळावं.

नव्या टाक्यांत तांब्याच्या बल्बाऐवजी विजेचे सेन्सर येऊ लागले आहेत, एक नळीचं तापमान सांगणारा आणि एक दाब सांगणारा. त्यांनाही नियम तेच. घासलेली नळी, सरळ भाग, धातूची पट्टी, वर फोम. दाबाचा सेन्सर नळीच्या वरच्या अंगाला असावा, बुडाला लावला तर त्यात तेल साचतं.

द्राक्षवाल्यांसाठी

निफाड-दिंडोरीकडचे, तसेच तासगाव भागातले बागायतदार म्हणतील, आमचं काय? १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षाला आधी गारवा आणि मग पेटी हे आपण शिकलो. ज्यांच्या शेतावर लहान शीतखोली किंवा प्री-कूलिंगची खोली आहे, तिथेही व्हॉल्व्ह आणि बल्ब हेच असतात, फक्त बुडाच्या पत्र्याऐवजी छताला पंख्याचं कॉइल असतं. तिथे बल्ब कॉइलच्या पेटाऱ्यात, पंख्याच्या वाऱ्यात असतो. त्यामुळे आवरणाला जास्त महत्त्व, कारण उघड्या बल्बाला नळीऐवजी खोलीच्या वाऱ्याचं तापमान लागतं. शिवाय कॉइलवरचं बर्फ दर काही तासांनी वितळवतात, तेव्हा पाणी ठिबकतं आणि फोमचे सांधे उघडे असतील तर थेट आत जातं. खोलीचं तापमान सांगणारी तार पंख्याच्या समोर, गार झोताच्या तोंडी टांगू नये. ती कॉइलकडे परत जाणाऱ्या हवेत असावी. झोतात टांगली तर खोली थंड झाली असं समजून यंत्र लवकर थांबतं, आणि मधल्या पेट्यांतली द्राक्षं उबदारच राहतात. मालाचा देठ तपकिरी पडतो तो तिथेच.

शीतखोली वर्षातले आठ-नऊ महिने बंद असते आणि तेवढ्यात उंदीर फोम कुरतडतात. हंगामाआधी, डिसेंबरातच, माल नसताना खोली एक दिवस चालवून बल्ब, फोम आणि तारा बघून घ्याव्यात. जानेवारीत गाडी दारात उभी असताना नव्हे.

करारात काय लिहावं

वार्षिक देखभालीचा करार बहुतेक संस्था करतात. छापील कागदावर सही होते आणि त्यात 'तपासणी' असा एकच शब्द असतो. पुढच्या वेळी त्यात हाताने लिहून घ्या: दर भेटीत बल्बाची पट्टी, जागा व आवरण बघणे, सक्शनचा दाब, नळीचं तापमान आणि दोन्हींतला फरक नोंदवहीत लिहिणे, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेसर बदलल्यास बल्ब पुन्हा बांधून संस्थेच्या माणसाला दाखवणे. शेजारी वेल्डिंग करायचं असेल तर बल्ब सोडून बाजूला ठेवणे किंवा ओल्या फडक्यात गुंडाळणे, हेही लिहा. ज्योतीने तापलेला बल्ब बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून कामातून गेलेला असतो.

संस्थेकडे एक नोंदवही असू द्या. टाकीत दूध पडल्यापासून दर अर्ध्या तासाला तापमानाचा आकडा, वीज गेली-आली त्याची वेळ, बस्स. पंधरा दिवसांच्या नोंदी समोर असल्या की टाकीला ४ अंशांवर यायला पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, ते कुणालाही दिसतं, आणि मेकॅनिकशी बोलताना सचिवाचा आवाज जरा वर राहतो. सोबत नळीला लावायचा एक साधा डिजिटल थर्मामीटर, दोन जादा धातूच्या पट्ट्या आणि हातभर काळा फोम कपाटात ठेवावा. मेकॅनिक बहुधा संध्याकाळी उशिरा येतो, आणि तालुक्याची दुकानं तोवर बंद झालेली असतात.